पानिपतहून परतलेला फडणवीस

पानिपत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतात ती गेलेली माणसं. सदाशिवरावभाऊ, विश्वासराव, जसवंतराव पवार, तुकोजी शिंदे, इब्राहिमखान गारदी, संताजी वाघ. आपल्या भाषेतसुद्धा ही लढाई मरणाच्याच अंगाने शिरली आहे. एखादी गोष्ट पार बुडाली की आपण "त्याचं पानिपत झालं" म्हणतो, आणि कुणी फारच गळ घातली तर "विश्वास तर पानिपतात गेला" असं सांगून मोकळे होतो. पण त्या मैदानावरून बरीच माणसं जिवंत परतलीही होती. त्यांच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. आज मी अशाच एकाबद्दल लिहिणार आहे. तो त्या दिवशी अठरा वर्षांचा होता, आणि त्याने जे भोगलं ते पुढे स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं.

त्याचं नाव बाळाजी जनार्दन भानू. आपण त्याला नाना फडणवीस म्हणून ओळखतो.

"नाना फडणवीस? त्यात नवीन काय?" असं काही वाचक म्हणतील. साडेतीन शहाण्यांतला अर्धा शहाणा, मुत्सद्दी, कारस्थानी, मेणवलीचा वाडा, बारभाई, हे सगळं शाळेतच होऊन गेलेलं असतं. माझंही तसंच होतं. पण सध्याच्या पोस्टिंगमुळे पानिपत शहरातून वारंवार जाणं-येणं होतं, आणि या जमिनीवर उभं राहिल्यावर नानांचं ते छोटंसं आत्मचरित्र अगदी वेगळं दिसायला लागतं. तिथे मुत्सद्दी भेटत नाही. भेटतो तो हरलेल्या फौजेतून जीव घेऊन पळालेला, आई हरवलेला एक पोरगा.

जागा

ज्यांनी पानिपत पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं जागेबद्दल. दिल्लीहून उत्तरेला नव्वद किलोमीटर, राष्ट्रीय महामार्ग ४४ वर. आजचं शहर म्हणजे हातमाग, यंत्रमाग, जुन्या लोकरी कपड्यांचे डोंगर आणि रिफायनरी. फौजेतल्या माणसाला पानिपतचा एक परिचय न येताच झालेला असतो, कारण बराकीत अंगावर घेतलेली कांबळी बऱ्याचदा इथलीच असतात. १९४७ ला इथले पुष्कळ मुसलमान विणकर पाकिस्तानात गेले आणि तिकडून उखडून आलेली कुटुंबं इथे वसली. म्हणजे हे गाव जितकं लढायांचं, तितकंच वाचून आलेल्यांचंही आहे.

शहराबाहेर काला आम्ब इथे स्मारक आहे. दर १४ जानेवारीला महाराष्ट्रातून लोक येतात, मानवंदना देतात. जानेवारीतली इथली थंडी आपल्या मराठी हाडांना मानवणारी नाही. सकाळी दहा-दहा वाजेपर्यंत धुकं हटत नाही, गव्हाच्या शेतात पन्नास पावलांवरचा माणूस दिसत नाही. आमच्याकडे जर्सी, कोट-पारका, रम, गरम चहा, सगळं असतं. १७६१ च्या त्या फौजेकडे दख्खनच्या हवेचे कपडे होते आणि पोटात काही नव्हतं. हे वाक्य पुस्तकात वाचणं वेगळं आणि इथे जानेवारीच्या पहाटे गस्तीच्या गाडीतून उतरल्यावर आठवणं वेगळं.

अठरा वर्षांचा फडणवीस

नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ चा, साताऱ्याचा. विश्वासरावही त्याच वर्षी जन्मलेले. भानूंचं घराणं कोकणातलं, पेशव्यांच्या घराशी बांधलेलं. आजोबा बाळाजी महादेव हे पहिल्या पेशव्यांबरोबर दिल्लीला गेले होते आणि १७१९ च्या दंगलीत तिथेच मारले गेले. वडील जनार्दनपंत १७५६ मध्ये वारले आणि फडणिशी चौदा वर्षांच्या मुलाकडे आली. फडणवीस म्हणजे हिशोबाचा माणूस. हजेरी, पगार, खर्च, सनदा, सगळे कागद त्याच्या हाताखालून जायचे.

उदगीरच्या विजयानंतर मार्च १७६० मध्ये भाऊसाहेब परतुडाहून उत्तरेकडे निघाले. नाना बरोबर होते, आणि त्यांच्याबरोबर आई आणि पत्नीही. आजच्या अधिकाऱ्याला हे विचित्र वाटेल, पण त्या काळी मोठी फौज उत्तरेला निघाली की यात्रा साधून घ्यायची ती संधी असे. वाटेवर संरक्षण, पुढे यमुनास्नान, व्रजभूमी, जमलं तर काशी-प्रयाग. एकट्या कुटुंबाला हा प्रवास परवडण्यासारखा नव्हता. तसे हजारो बिनलढाऊ लोक फौजेबरोबर चालले होते: बायका, मुलं, भट, व्यापारी, नोकर, बाजारबुणगे. प्रत्येकाला रोज जेवायला लागत होतं.

पुढचं आपण जाणतो. ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली, ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा घेतला. त्याच सुमाराला अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो भाऊंच्या आणि दिल्लीच्या मधे येऊन बसला. घराकडची वाट तुटली. नोव्हेंबर, डिसेंबर दोन्ही सैन्यं समोरासमोर बसून राहिली. पतियाळाच्या आलासिंगाकडून काही धान्य येत होतं, तेही आटलं. अंतर्वेदीत अब्दालीची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले. त्यानंतर अब्दालीच्या छावणीत दाणा येत राहिला आणि आपली छावणी उपाशी मरायला लागली.

लढाईच्या दिवसाबद्दल आपण खूप वाद घालतो. मल्हारराव का निघून गेले, विंचूरकरांनी गोल का मोडला, विश्वासरावांना गोळी लागल्यावर भाऊ अंबारीतून का उतरले. स्टाफ कॉलेजात असले वाद रात्र-रात्र चालतात. पण रसदीचा धडा शिकलेला कुठलाही अधिकारी एवढं मान्य करेल की १४ जानेवारीला, पौष शुद्ध अष्टमीच्या बुधवारी, ते सैन्य जिंकायला म्हणून बाहेर पडलं नव्हतं. उपाशी मरण्यापेक्षा मारत दिल्लीकडे वाट काढू म्हणून निघालं होतं. तरी दुपारपर्यंत त्यांनी अफगाण फौजेला मागे रेटलं. हे त्या उपाशी शिपायांचं मोठेपण आहे.

नाना त्या दिवशी भाऊंच्या जवळपास होते. विश्वासराव पडले, भाऊ गर्दीत दिसेनासे झाले आणि फौज फुटली.

ती रात्र

आत्मचरित्रातला यानंतरचा भाग मी दोनदा सलग वाचू शकलो नाही. त्यात शौर्याचं काहीच नाही. संध्याकाळपर्यंत नाना पानिपत गावापाशी आले. बरोबरच्या वडीलधाऱ्याने सांगितलं की घोडा सोड, अंगावरचे कपडे टाक, नाहीतर ओळखला जाशील. अंगावरचं सगळं टाकून, जवळजवळ उघड्या अंगाने, अंधारात पायी निघाले. जानेवारीची रात्र. मागावर घोडेस्वार. वाटेत टोळ्या अंगावर आल्या, बरोबरची माणसं कापली गेली, पांगली. नाना गवतात लपून राहिले. पायी चालायची सवय नाही, उपास माहीत नाही, अशा पालखीत वाढलेल्या मुलाने झाडाचा पाला खाल्ला. पुढे एका बैराग्याने खायला घातलं. असं करत रेवाडी गाठली, तिथे एका सावकाराच्या घरी आसरा मिळाला. तिथून पुढे सूरजमल जाटाच्या मुलखात, डीगला.

जाटांनी पळून आलेल्या मराठ्यांना अन्न, वस्त्र, औषध दिलं, हे आपण विसरता कामा नये. लढाईआधी सूरजमल भाऊंपासून दुरावले होते. तरी राजाने आणि राणी किशोरीने दारात आलेल्या जखमींना परत पाठवलं नाही.

नानांची पत्नी सुखरूप परत मिळाली. आई मिळाली नाही. यात्रेला म्हणून मुलाबरोबर निघालेली ती बाई पुण्याला परतलीच नाही.

आणि मग तो मुलगा हे लिहितो. आपल्या जुन्या मराठीत बखरी आहेत, पत्रं आहेत, पोवाडे आहेत. पण एका कारभाऱ्याने स्वतःबद्दल, स्वतःच्या भीतीबद्दल, तारुण्यातल्या विकारांबद्दलसुद्धा इतकं उघड लिहावं, असं क्वचित सापडतं. पानं हातावर मोजण्याइतकी आहेत. गंमत म्हणजे पुढची चाळीस वर्षं, जेव्हा तो मराठी राज्याचा सूत्रधार होता, ती त्यात नाहीत. सत्ता, तह, विजय यातलं काही नाही. एवढ्या मोठ्या माणसाला स्वतःबद्दल सांगण्यासारखं जे वाटलं, ते लहानपण आणि पानिपत.

मला यात नवल वाटत नाही. खोऱ्यात असताना आमच्या एका तुकडीवर वाईट वेळ आली होती. त्यातून वाचलेल्या एका नाईकाशी नंतर वर्षभर माझं बोलणं व्हायचं. तो ड्यूटी चोख करायचा, हसायचा, व्हॉलीबॉल खेळायचा. पण गोष्ट सांगायला लागला की फिरून फिरून त्याच वीस मिनिटांवर यायचा, आणि दरवेळी एकच तपशील आधी सांगायचा: आपले बूट ओले होते. नानांच्या लिखाणात मला तोच सूर ऐकू येतो. मोठ्या गोष्टी दोन ओळींत उरकतात आणि पायांचं, भुकेचं, कपड्यांचं मात्र सविस्तर येतं.

अठरा वर्षांनी, त्याच जानेवारीत

आता मी जे मांडणार आहे तो माझा तर्क आहे. इतिहासकारांनी तो तपासावा. पण फौजी म्हणून मला तो पटतो.

नारायणरावांचा खून ऑगस्ट १७७३ मध्ये झाला. बारभाईंनी राघोबादादांना बाजूला सारून तान्ह्या सवाई माधवरावांच्या नावाने कारभार धरला. राघोबा इंग्रजांकडे गेले. १७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची सुमारे चार हजारांची पलटण राघोबांना घेऊन बोरघाट चढली. त्यांच्याबरोबर सामान वाहणारे एकोणीस हजार बैल होते. पुणं काही दिवसांच्या वाटेवर होतं.

पुण्यातून कारभार हाकत होते नाना. मैदानात होते महादजी शिंदे. महादजी म्हणजे पानिपतचा दुसरा वाचलेला माणूस. पाठलागावर आलेल्या अफगाण स्वाराने त्यांचा पाय कायमचा अधू केला होता. त्यांना राणेखान नावाच्या भिश्त्याने बैलावर घालून बाहेर काढलं. महादजींनी त्या भिश्त्याला आयुष्यभर भाऊ मानलं आणि पुढे मोठा सरदार केलं.

या दोघांनी इंग्रजांशी काय केलं ते पाहा. समोरासमोर एक मोठी लढाई देण्याची घाई केली नाही. शत्रूला पुढे येऊ दिलं. रोज थोडं-थोडं टोचत राहिले. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, आपला 'इष्टुर फाकडा', मारला गेला. गावं रिकामी केली, चारा-धान्य हलवलं किंवा जाळलं. ९ जानेवारी १७७९ ला इंग्रज तळेगावला पोचले तेव्हा तिथे खायला काही नव्हतं. पुणंही जाळून टाकायची तयारी आहे अशी बातमी त्यांच्या कानावर गेली. ११ तारखेच्या रात्री त्यांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या आणि परत फिरले. फिरताच वेढले गेले. वडगावला त्यांनी गुडघे टेकले आणि १६ जानेवारीला तहावर सह्या झाल्या.

तारीख पुन्हा वाचा. पानिपतला बरोबर अठरा वर्षं आणि दोन दिवस झाले होते.

पानिपतावर जे आपल्यावर गुदरलं होतं तेच इथे शत्रूवर उलटवलेलं दिसतं. घरापासून लांब आणलेली फौज, मागे अवजड लटांबर, तुटलेली रसद, रिकामी गावं, आणि उपाशीपोटी माघार. रसद तोडणं ही गनिमी काव्याची जुनीच रीत आहे, शिवाजी महाराजांपासूनची. ती नानांनी शोधली असं कुणी म्हणणार नाही. पण पुणं जाळण्याची तयारी ठेवणाऱ्या माणसाला भूक फौजेचं काय करते हे ऐकून माहीत नव्हतं, स्वतःच्या पोटाने माहीत होतं. इंग्रजांनी पुढे वडगावचा तह मोडला, लढाई चालू राहिली. तेव्हा नानांनी हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसल्यांना एका फळीत आणलं, आणि शेवटी १७८२ चा सालबाईचा तह झाला. पानिपतात आपण एकटे पडलो होतो. राजपूत, जाट, अवधचा शुजा, कुणीही आपल्या बाजूला उभं नव्हतं. पुढे नाना एकट्याने लढायला कधीच तयार झाले नाहीत, ते याचमुळे, असं मला वाटतं.

बातमीचंही तसंच. नोव्हेंबर-डिसेंबर १७६० मध्ये भाऊंची पत्रं दख्खनला पोचेनाशी झाली होती. पेशव्यांना पराभवाची बातमी मिळाली तीही भेलशाजवळ, लढाईनंतर दहा दिवसांनी. नानांच्या कारभारात मात्र दरबारादरबारात वकील आणि बातमीदार होते. मेणवलीच्या दफ्तरात गोळा झालेले कागद पाहिले की कळतं, हा माणूस बातमीविना एक दिवस काढत नसे.

जखमेची दुसरी बाजू

एवढ्यावर थांबलो तर ती गौरवगाथा होईल. वाचून आलेला माणूस शहाणाच होतो असं नाही. जखम शिकवते तशीच वाकडंही करते.

नाना कधी मैदानी सरदार झाले नाहीत. त्यांच्यावर भित्रेपणाचा आरोप त्यांच्या हयातीतच होता. संकट आलं की ते पुरंदर, महाड असे सुरक्षित ठिकाणी सरकत. बातमी हवी ही सवय पुढे संशयात बदलली. सवाई माधवराव मोठे झाले तरी त्यांना मोकळं वावरू दिलं नाही, आणि १७९५ मध्ये तो तरुण पेशवा शनिवारवाड्यात पडून वारला. महादजी आणि नाना, एकाच दिवशी एकाच मैदानातून वाचलेली दोन माणसं, पुढे एकमेकांवर विश्वास ठेवू शकली नाहीत. एकाला उत्तर हवी होती, दुसऱ्याला पुणं सांभाळायचं होतं. लालसोटनंतर महादजी अडचणीत होते तेव्हा पुण्याची मदत हवी तशी आणि हवी तेव्हा आली नाही. मराठी राज्याला त्याची किंमत मोजावी लागली.

मग तोतयाचं प्रकरण. भाऊंचा देह ओळखला गेला की नाही यावर लोकांचा विश्वास बसत नव्हता. पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही. "मी भाऊ" म्हणत एक जण उभा राहिला तेव्हा कोकणातल्या किल्ल्यांवर माणसं त्याला मिळत गेली. १७७६ मध्ये त्याला पकडून, चौकशी करून मारलं गेलं. हे सगळं नानांच्या कारभारात झालं. मी विचार करतो, भाऊंना शेवटचं जवळून पाहिलेल्या मोजक्या लोकांत नाना होते. ते मरण लोक मान्य करत नाहीत, आणि एक ढोंगी त्याच्या नावावर गड घेत सुटतो, तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? त्यांनी ते लिहिलेलं नाही.

परतलेल्यांचं काय करायचं

आपल्या समाजाला हुतात्म्याला नमस्कार करता येतो. ते योग्यच आहे, आणि मीही दर १४ जानेवारीला तो करतो. पण परतलेल्याला काय विचारायचं हे आपल्याला कळत नाही. "तू कसा वाचलास?" या प्रश्नात नकळत आरोप असतो. म्हणून बहुतेक जण गप्प राहतात. १९६२, ६५, ७१ मधून आलेले कितीतरी मराठी जवान सातारा, सांगली, कोल्हापूरच्या गावांत शेवटपर्यंत काही न सांगता गेले. इथे हरियाणात रोड मराठा समाज आपलं मूळ पानिपतातून मागे राहिलेल्या मराठ्यांत आहे असं मानतो. त्यांच्यातली वडीलधारी माणसं सांगतात की पिढ्यान्पिढ्या हे उघड बोलायची सोय नव्हती.

नानांनी बोलायची सोय स्वतःच करून घेतली, कागदावर. पळालो, लपलो, भ्यालो, पाला खाल्ला, आई गेली. राज्याचा कारभारी झाल्यावर ती पानं फाडून टाकणं त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी ती राहू दिली. माझ्या मते वडगावच्या विजयापेक्षा हे धाडस लहान नाही.

हे वाचणाऱ्या माजी सैनिकांना एकच विनंती. तुमच्याकडे जे आहे ते लिहा. शैली लागत नाही, पदकं लागत नाहीत, लढाईचा नकाशाही लागत नाही. बूट ओले होते, भूक लागली होती, शेजारचा कोण होता, परत आल्यावर घरी कोणी काय विचारलं, एवढं पुरे आहे. मुलांना वही द्या, किंवा नातवाच्या फोनवर बोला. आणि ज्यांच्या घरात असा कुणी म्हातारा आहे त्यांनी त्याला या संक्रांतीला तिळगूळ देऊन जरा वेळ जवळ बसावं. लढाई कशी झाली ते विचारू नका. घरी कसे पोचलात, ते विचारा.